सगुणाबाईंचा बार

सकाळी खालच्या मजल्यावरचा मुरली वर आला तेव्हा मी चहा गाळत होते. दार उघडंच होतं, पण तो आत आला नाही. उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला, "मौसी, अम्मा गेली." मी गाळणं खाली ठेवलं आणि विचारलं, "कधी?" तो म्हणाला, "आत्ताच. पाणी मागितली, मी घेऊन येईपर्यंत…" मी चहा तसाच ठेवून खाली गेले. सगुणाबाई कुशीवर होत्या, दुखणारा गाल उशीला लागू नये म्हणून हात गालाखाली घातलेला. मी तो हात काढून सरळ केला. रडले नाही. त्यांचं दुखणं मी दोन वर्षं जवळून बघितलं होतं. तोंडाचा कॅन्सर माणसाला शेवटी पाणीसुद्धा सुखानं पिऊ देत नाही. सुटल्या, हे पहिलं मनात आलं, आणि आज इतक्या आठवड्यांनीही मला त्यात काही चूक वाटत नाही.

मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. लिहायचं कारण एवढंच की मागच्या आठवड्यात सगुणाबाईंच्या जुन्या शाळेत त्यांच्यासाठी सभा झाली आणि मुरली मला घेऊन गेला. पुढच्या रांगेत बसवलं. तमिळ मला आता बऱ्यापैकी कळतं. एकामागून एक विद्यार्थी उठले, काही तर स्वतःच आजोबा झालेले. बाई किती शिस्तीच्या, किती सात्त्विक, कधी आवाज चढवला नाही, कसलं व्यसन नाही… हारातल्या फोटोकडे बघत मी ऐकत होते. ज्या बाईबद्दल ते बोलत होते ती मला ठाऊक नव्हती. मला ठाऊक होती ती बाई तंबाखू खायची, त्यासाठी खोटं बोलायची, पत्त्यात लबाडी करायची, आणि तिच्याइतकी चांगली सोबत मला माझ्या नवऱ्याचीही झाली नाही. घरी येताना मी मुरलीला म्हटलं, "मी तुझ्या आईबद्दल खरं लिहिणार आहे. चालेल का?" तो म्हणाला, "लिहा."

मी निपाणीकडची. आमच्याकडे तंबाखू हेच पीक, तोच बाजार आणि तेच काम. लग्नाआधी मी वखारीत पानं निवडायला जायची आणि तिथल्या बायकांबरोबर खायला लागले. आमच्यात तंबाखू मागायला लाज नसते. भाकरी कुणी अनोळख्याकडे मागत नाही, पण तंबाखू मागतात. एस.टी.त शेजारी बसलेल्याकडे, बाजारात उभ्या असलेल्याकडे, हात पुढे करायचा, त्यानं द्यायची. असताना नाही म्हणायचं नाही, मग समोरचा कुणी का असेना. भांडण झालेली दोन माणसंसुद्धा अशीच बोलायला लागतात. एकानं तळहात पुढे करायचा, दुसऱ्यानं चिमूट ठेवायची, की झालं. माफी वगैरे कुणी मागत नाही.

नवरा गेल्यावर मुलगा मला इकडे तमिळ मुलखात घेऊन आला. तांबरमच्या पुढे मोटारींचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात त्याला नोकरी, सून नुंगंबाक्कमला ऑफिसात. दोघं सकाळी मांबलम स्टेशनवरून दोन दिशांना जायची आणि मी वेस्ट मांबलमच्या त्या फ्लॅटमध्ये दिवसभर भिंतींशी बोलायची. गावाहून आणलेली तंबाखू संपली. दुकानात जाऊन काय मागायचं ते कळेना. सुनेला सांगायची सोय नव्हती. चौथ्या की पाचव्या दिवशी डोकं असं दुखायला लागलं की मी दार ओढून जिन्यात आले. आमच्या जिन्यात मधल्या टप्प्यावर एक जाळीची खिडकी आहे, तिथं दुपारी वारा येतो. तिथं स्टुलावर एक म्हातारी बसली होती. नऊवारी नाही, साधी सुती साडी, कपाळाला विभूती, नाकात दोन्ही बाजूंना चमक्या. पण खालचा ओठ किंचित फुगलेला होता. तोंडात तंबाखू असलेलं माणूस मला लांबून ओळखू येतं. भाषेचा विचारही न करता मी तळहात पुढे केला आणि म्हटलं, "बाई, बार भरायचाय. असली तर चिमूटभर द्या."

ती बाई ताडकन उठली. माझ्याकडे असं बघितलं जसं मी तिच्या घरात शिरून कपाट उघडलंय. मग घाईघाईनं खाली आपल्या घरात गेली. मला वाटलं, आणायला गेली. परत आली, माझ्या तळहातावर एक केळं ठेवलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं. मी त्या केळ्याकडे बघत उभी. इथली माणसं तंबाखूला केळं म्हणतात की काय, असंही क्षणभर वाटून गेलं.

त्या संध्याकाळी त्याच बाई वर आल्या. सून अजून आली नव्हती. आत येऊन आधी दार लोटलं, मग हळू आवाजात मराठीत म्हणाल्या, "अक्का, तो शब्द तुम्हाला कोण सांगितलं?"

"कोणता शब्द?"

"तोच. जिन्यात बोललात तो."

"बार? कोण कशाला सांगेल? आमच्याकडे सगळे म्हणतात."

"अस्की? सगळे? पुरुषसुद्धा?"

"पुरुषच जास्त."

त्या खाली बसल्याच. त्या सगुणाबाई. त्यांचे पूर्वज कधीतरी मराठी फौजेबरोबर तंजावरला आले आणि तिथलेच झाले. घरात त्यांची जुनी मराठी, बाहेर तमिळ. स्वतः तमिळ शाळेत आयुष्यभर मास्तरीण. आणि त्यांच्या घरातल्या बायका पिढ्यान् पिढ्या चोरून तंबाखू खायच्या. तमिळमध्ये तंबाखूला पुगैयिलै म्हणतात, म्हणजे धुराचं पान. तो शब्द चारचौघांत उच्चारला तर सगळ्यांना कळणार. म्हणून या बायका आपला जुना शब्द वापरायच्या. पाहुण्यांसमोर सासू सुनेला म्हणायची, "बार संपला, बघ जरा," आणि पाहुण्यांना वाटायचं काहीतरी सामान संपलं असेल. सगुणाबाईंना वाटायचं हा शब्द त्यांच्या घराबाहेर जगात कुणाला माहीत नाही. त्यांच्या आजेसासूनंच कधी बनवला असेल अशी त्यांची समजूत होती. आणि एक दिवस जिन्यात एक अनोळखी बाई हात पसरून तो मोठ्यानं बोलली. "माझं डोकंच थांबलं, अक्का," त्या म्हणाल्या. "हात पुढे केलात, हातावर काहीतरी ठेवायला हवं. केळं दिसलं, केळं ठेवलं." मग त्यांनी पदराखालून केळीच्या पानाची पुडी काढून माझ्यासमोर ठेवली.

त्या पुडीचाही एक मार्ग होता. रोज संध्याकाळी फुलवाली यायची. ती कोपरापासून बोटांपर्यंत हात धरून मोगऱ्याचा गजरा मोजून द्यायची, त्याला इथं मुळम म्हणतात. सगुणाबाईंच्या गजऱ्याच्या पानात आतल्या बाजूला तंबाखू असायची. शेजारपाजारचे म्हणायचे, टीचरम्मांना या वयातही फुलांची किती आवड. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दोन मुळम घ्यायला सुरुवात केली आणि एक माझ्याकडे पाठवू लागल्या. माझी सून खूष. तिला वाटलं, आईंचं मन इथं रमलं. रमलंच होतं म्हणा.

दुपारी चार वाजता आम्ही जिन्यातल्या त्या टप्प्यावर बसायचो. सगुणाबाईंना शब्दांची खोड होती. शिकवून शिकवून लागलेली. बार हा शब्द आला कुठून, हे त्यांना कळायलाच हवं होतं. आधी त्यांचा अंदाज होता की तमिळमध्ये ओझ्याला भारम् म्हणतात, त्यावरून असेल. मी म्हटलं, "चिमटीभर तंबाखूचं कसलं ओझं?" मग त्या म्हणाल्या, त्यांचे यजमान थट्टेनं सांगायचे की हा इंग्रजी शब्द, दारूच्या दुकानावर पाटी असते तो. मी म्हटलं, "तुमच्या आजेसासूला दारूचं दुकान ठाऊक होतं का?" त्या फटकन माझ्या हातावर मारून म्हणाल्या, "माझ्या आजेसासूचं नाव घेऊ नोको."

मग मी मला जे वाटत होतं ते सांगितलं. माझ्या सासऱ्यांकडे एक ठासणीची बंदूक होती. शेतात रानडुकरं यायची म्हणून ठेवलेली. तिला गोळी आत सरकवायची सोय नव्हती. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, चिंधी घालायची, छर्रे घालायचे आणि लांब गजानं ठासून ठासून आत दाबायचं. याला बार भरणं म्हणतात. उडाली की बार उडाला. तंबाखूही तशीच… तळहातावर मळून चिमटीत धरायची, ओठाच्या आत घालायची आणि बोटानं दाबून बसवायची. सासरे बंदूक भरताना आणि तंबाखू भरताना अगदी एकसारखे दिसायचे. दोन्ही वेळा तोंड मिटलेलं आणि लक्ष दुसरीकडे नाही. तेव्हा हा शब्द फौजेतल्या माणसांनीच आणला असणार. दिवसभर बंदुका भरायच्या आणि मध्ये तोंड. मी हे सगळं सांगून म्हटलं, "खरं की खोटं मला माहीत नाही. कुठं वाचलेलं नाही, बघितलेलं सांगते."

जाळीतून खालचा रस्ता दिसत होता, सगुणाबाई तिकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आमचे ते शिपाई आले, त्यांची बंदूक गेली, राज्य गेलं, मराठीही अर्धी गेली… आणि बायकांच्या तोंडात एवढं राहिलं." मी म्हटलं, "तुम्ही मास्तरीण आहात, तुम्हाला असं सुचतं. मला तर तल्लफ तेवढी कळते." तेव्हा त्या हसल्या आणि शाळेतल्या पोराला विचारावं तसं मला विचारलं, "पण अक्का, भरलेला बार उडायला हवा की नाही? हा उडतो कुठं?"

"थुंकतो तेव्हा," मी म्हटलं.

आमची भांडणंही व्हायची. पत्ते खेळताना त्या लबाडी करायच्या आणि पकडलं की तमिळमध्ये बोलायला लागायच्या. माझ्या मराठीला त्या दांडगी म्हणायच्या, मी त्यांच्या मराठीला मेलेली म्हणायची. एकदा तर दोन दिवस जिन्यात कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी मी गेले आणि काही न बोलता तळहात पुढे केला. त्यांना आमची रीत मी सांगितली होतीच. त्यांनी माझ्या हातावर तंबाखू ठेवली आणि म्हणाल्या, "पाहा, शेवटी कोण मागितलं." मी म्हटलं, "केळं दिलं नाहीत हे नशीब."

मग त्यांच्या डाव्या गालात आतून जखम झाली. आधी त्यांनी कवळीला दोष दिला. कवळी काढून ठेवली, हळद लावली, मध लावला. जखम बरी होईना. जेवताना डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा मुरलीनं धरून मोठ्या दवाखान्यात नेलं. मी सोबत हवी म्हणून त्यांनी हट्ट धरला, म्हणून मीही गेले. डॉक्टर तरुण होते, सभ्य होते. त्यांनी गालात दिवा धरून बघितलं आणि तमिळमध्ये विचारलं, विड्याचं पान खाता का? नाही. सुपारी? नाही. पुगैयिलै? सगुणाबाई ताठ बसल्या होत्या, जशा वर्गात बसत असतील. म्हणाल्या, "इल्लै." नाही. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, पूर्वी कधी? "इल्लै." मुरलीला प्रश्न पडल्याचं सुद्धा दिसलं नाही. त्याची आई शिक्षिका. डॉक्टर म्हणाले, मग बहुतेक कवळी घासत असेल, मलम लावून बघू, महिन्याभरानं या.

मी वखारीत काम केलेलं आहे. असे गाल मी बघितलेले आहेत. महिनाभर थांबणाऱ्या बायकांचं काय होतं तेही बघितलेलं आहे. मी मुरलीकडे वळून म्हटलं, "मुरली, तुझी आई तंबाखू खाते. लग्न झाल्यापासून खाते. सांग डॉक्टरांना."

सगुणाबाईंनी माझ्याकडे बघितलंच नाही. भिंतीवर दातांचं चित्र होतं त्याकडे बघत राहिल्या. मुरलीनं आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मग डॉक्टरांना इंग्रजीत ते सांगितलं. अगदी हळू. तोंडातून काही घाण बाहेर काढावी तसा तो शब्द काढला. डॉक्टरांचा चेहरा बदलला आणि त्याच दिवशी गालाचा तुकडा तपासायला गेला.

लोक मला विचारतात, तेव्हा बोललात त्याचं वाईट वाटतं का. नाही वाटत. आजही तेच बोलेन. पण त्याची किंमत काय पडली तेही सांगते. सगुणाबाईंनी माझ्याशी बोलणं बंद केलं. तंबाखू उघड झाली म्हणून नव्हे, हे मला नंतर कळलं. खोटं बोलताना मुलानं त्यांना बघितलं, म्हणून. मुरलीही आईशी जेमतेम बोलायचा. औषधं वेळेवर द्यायचा, रिक्षा आणायचा, फाईल धरून दवाखान्यात रांगेत उभा राहायचा, सगळं करायचा. पण त्या विषयावर एक अवाक्षर नाही. फुलवालीला त्यानं दारातूनच परत पाठवलं. ऑपरेशन झालं, जबड्याचा एक भाग काढला, मग विजेचे शेक. मी रोज खाली पेज घेऊन जायची. त्या भिंतीकडे तोंड करून पडायच्या, मी पेज ठेवून वर यायची. सुनेला म्हणाले, "तिला राग आला आहे म्हणजे ती जिवंत आहे." सून म्हणाली, "आई, तुम्ही कसं बोलता."

शेक संपल्यावर काही दिवसांनी, दुपारी, मी एकटीच जिन्यात बसले होते. सवयीनं. खालून पावलं वाजली. दर पायरीला थांबत थांबत सगुणाबाई वर आल्या. निम्मा चेहरा आत गेलेला, मानेवर कातडी काळी पडलेली. समोर उभ्या राहिल्या आणि तळहात पुढे केला.

माझ्या कमरेला तंबाखू होती. असताना नाही म्हणायचं नाही, ही आमची रीत मी वर सांगितली आहे. मी ती मोडली. काही दिलं नाही. पण मागितलेला हात रिकामा सोडवेना, म्हणून मी त्यांचा हात हातात घेतला आणि त्यांच्या तळव्यावर अंगठा घासला, मळतात तसा, बराच वेळ, मग वरून दोन थापा मारल्या. त्यांनी हात नाकाशी नेला. हुंगला. ओठ एका बाजूलाच हलत होता, तरी शब्द कळला. म्हणाल्या, "फुसका." फटाका न वाजता विझला की आम्ही फुसका बार म्हणतो, हे त्या माझ्याकडूनच शिकल्या असणार. मी म्हटलं, "बसा. असाच मिळेल आता." त्या बसल्या. त्या दिवसापासून मीही तंबाखू सोडली असं लिहिलं तर वाचणाऱ्यांना बरं वाटेल. मी सोडली नाही. त्यांच्यासमोर खात नव्हते, एवढंच.

पुढं वर्षभर त्या बऱ्या होत्या, मग दुखणं मानेत आलं. शेवटच्या महिन्यात बोलणं जवळजवळ थांबलं. एकदा मला जवळ बोलावून अडखळत म्हणाल्या, "मुरली… अजून बोलत नाही." मी म्हटलं, "रोज तर बोलतो." त्यांनी मान हलवली. कशाबद्दल ते मला कळलं. मी मुरलीला जिन्यात गाठून म्हटलं, "आईशी एकदा मोकळा बोल." तो म्हणाला, "काय बोलू, मौसी? मी बँकेत तंबाखू खाणाऱ्यांना अम्माचं उदाहरण देत होतो." असा अडून बसलेला माणूस ढकलून हलत नाही. मी सोडून दिलं. आणि तो बोलायच्या आत त्या गेल्या.

दहाव्या दिवशी गच्चीवर कावळ्यासाठी पान ठेवलं. मांबलमचे कावळे काही साधे नाहीत. इथं घराघरांतून रोज जेवणाआधी त्यांना भाताचा पहिला घास ठेवतात, त्यामुळे ते हाक मारायच्या आत येऊन बसतात. पण त्या दिवशी एकही येईना. पानावर भात, वडा, पायसम, सगुणाबाईंना आवडायची ती आंबट पचडी, सगळं मांडलेलं. मुरली उन्हात अनवाणी उभा राहून "का, का" करून थकला. नातेवाईक कुजबुजायला लागले. काहीतरी इच्छा राहिली आहे… कॉफी ठेवा, म्हणून कॉफी ठेवली. गजरा ठेवा, गजरा ठेवला. मुरलीची बायको म्हणाली, "शाळेचं काही असेल, खडू ठेवूया का?" कुणीतरी खरंच खडू आणायला खाली गेलं. मी काही बोलले नाही. मुरली माझ्याकडे बघत होता.

मग तो त्या सगळ्या माणसांसमोर म्हणाला, मराठीत म्हणाला, "अम्माला बार लागायचा." तो पुढे म्हणाला, "लहानपणी मला वाटायचं, बार म्हणजे बायकांचं औषध असेल. अम्मा घेतली की तिचं डोकं दुखायचं थांबायचं. मी विचारलं तर म्हणायची, मोठा झालास की सांगते." एवढं बोलून तो रडायला लागला. दवाखान्यात, स्मशानात कुठे रडला नव्हता.

तंजावरहून सगुणाबाईंची नणंद आली होती. ऐंशी ओलांडलेली, पाठीत वाकलेली, सकाळपासून एका कोपऱ्यात बसून. ती हळूहळू उठली. "सांगायचं काय त्यात," ती म्हणाली. "आमच्या घरात अस्की बायका भरायच्या. मी भरते. तुझी आजी भरायची. सगुणाला मीच शिकवलं, नवी नवरी होती, रडत बसायची." कमरेच्या घडीतून तिनं एक छोटी पितळी डबी काढली, तंबाखू तळहातावर घेतली, चुना लावून मळली, आणि वाकून पानाच्या कडेला ठेवली. तिच्या पाठीमागं दोन म्हाताऱ्या उभ्या होत्या. त्यांनी एकमेकींकडे बघितलं आणि पदर तोंडावर घेतला. मला वाटतं, त्या हसत होत्या.

आता खरं कारण सांगते. शेजारच्या गच्चीवर कुणी वडाम वाळत घातले होते. वडाम म्हणजे तांदळाच्या सांडग्यांचा प्रकार. कावळे खाऊ नयेत म्हणून त्या बाईनं काठीला काळं फडकं बांधून उभं केलं होतं. वाऱ्यानं ते सारखं फडफडत होतं. कावळे त्याला भिऊन लांब बसले होते. मी ते आल्याआल्याच बघितलं होतं. नणंदबाई तंबाखू मळत होत्या तेवढ्यात ती शेजारीण वर आली, वाळलेले वडाम सुपात भरले आणि फडकं उपटून खाली घेऊन गेली. नणंदबाई पानापासून सरकल्या आणि कावळा आला. लोकांनी हात जोडले. मुरलीनं डोळे पुसले आणि माझ्याकडे बघून मान हलवली, जणू म्हणत होता, बघितलंत? मी पण मान हलवली. आयुष्यात मी गप्प बसले असे प्रसंग थोडे आहेत, त्यातला हा एक.

कावळ्यानं वडा उचलला आणि उडाला. तंबाखूला शिवला नाही.

सगळे खाली जेवायला गेल्यावर मुरली पानाजवळ बसून राहिला. म्हणाला, "मौसी, याचं काय करायचं?" पानावरचं काही घरात नेत नाहीत, हे मला माहीत आहे. मी हात पुढे केला. त्यानं ती चिमूट माझ्या तळव्यावर ठेवली. पहिल्यांदाच हातात धरली असणार, बोटांना लागलेली भुकटी तो बघत राहिला, मग त्यानं बोटं हुंगली. "असा वास होता अम्माच्या पदराला," तो म्हणाला. "मला वाटायचं, दंतमंजन."

ती चिमूट मी खाल्ली की टाकली, ते सांगत नाही. चार वाजता मी अजून जिन्यात बसते. तंबाखू मळून झाली, थाप मारली, की अंगठा आपोआप तिचे दोन भाग करतो आणि एक भाग तळव्याच्या कडेला सारतो, शेजारणीसाठी. मी ठरवून करत नाही, हात करतो. तो अर्धा भाग मी खात नाही. जाळीतून खाली झटकून देते. त्यामुळे माझी तंबाखू आता निम्म्यावर आली आहे. सुनेपासून आता काही लपलेलं नाही. ती म्हणते, आई, सुधारलात. मी हो म्हणते.